कोब्याखालची खरखर

परसात सकाळी सकाळीच नवरा-बायकोची जुंपली होती, आणि दोघांच्या मध्ये एका कासवाचं रिकामं कवच उलटं पडलं होतं.

"मी म्हणत होते, रात्रीची आत घेऊ या त्यांना," गवंड्याची बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, दगडासारख्या पाठीचं जनावर, त्याला कोण खातंय!"

"आणि तू ऐकलंस? एरवी माझं कधी ऐकतेस का, ते कालच ऐकायचं होतं?"

भांडायचं तसं दोघांनाही नव्हतं, पण समोरचं बघवत नव्हतं. कवचाच्या कडा कुरतडलेल्या, आतलं सगळं साफ, आणि कुंपणाखालून माती उकरून केलेली वाट. कोल्हा येऊन गेला होता. बाकीची कासवं कुंडीमागं अंग चोरून बसलेली सापडली. थोरली मात्र कुठंच नव्हती.

ही कासवं गवंड्याच्या आईची. म्हातारी भाजी विकायची, उरलासुरला पाला यांना घालायची आणि दिवस मावळला की एकेकाला पोटाशी धरून घरात न्यायची. त्यातल्या थोरलीवर तिचा फार जीव. "पोरापेक्षा ही बरी, हाक मारली की येते तरी," असं ती चारचौघांत म्हणायची आणि गवंडी ओशाळून हसायचा. म्हातारी जाऊन अजून पंधरवडाही झाला नव्हता. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली, त्यात कासवांची आठवण कुणाला राहणार? तरी गवंड्याला ते मनातून खात होतं. आईनं मागं ठेवलं ते एवढंच, आणि तेही त्याला सांभाळता आलं नाही.

"चटक लागली त्याला आता," कुंपणापलीकडून कोंबडीवाली म्हणाली. ती म्हातारीची जन्माची मैत्रीण, आणि इकडची काडी तिकडं झाली तरी आधी तिला कळायचं. "माझ्या दोन-तीन कोंबड्या नेल्यात मेल्यानं. तो उडी मारून नाही येत, खालून येतो. भिंत घाल, पण पाया चांगला खोल घे. नाहीतर उरलीसुरली पण गेली म्हणून समज."

गवंड्यानं कामावर येत नाही म्हणून कळवलं आणि फावडं उचललं.

घराच्या मागच्या भिंतीला लागून, जिथं आतल्या अंगाला आईची खाट होती, तिथं त्यानं कासवांसाठी घर म्हणायचं तर किल्लाच उभा केला. गुडघाभर खोल पाया, वर दगडी भिंत, माथ्यावर लोखंडी जाळी, दाराला दुहेरी कडी. एक कडी कोल्हा नाकानं ढकलतो म्हणे. आणि एवढं करून तो खाली खडी पसरायला लागला.

"खाली कोबा कशाला?" बायकोनं विचारलं. "एवढी खोल भिंत घेतलीत ना? कासवांना माती लागते."

"वर टाकतो की वीतभर माती."

"कोल्हा काय भुयार खणून येणार आहे?"

"आला तर?"

आईच्या दुखण्यात त्याला काही म्हणजे काही करता आलं नव्हतं. दगड, खडी, सिमेंट यांतलं तरी त्याला कळत होतं. भर उन्हात त्यानं कोबा घातला, थापीनं गुळगुळीत केला आणि पाणी मारून मारून पक्का केला. पहार वाकेल पण ह्याचा कोबा फुटणार नाही, असं त्याच्या कामाबद्दल लोक म्हणायचे.

कोल्हा त्यानंतरही यायचा. सकाळी भिंतीलगत नखांचे ओरखडे असायचे आणि उग्र वास रेंगाळत असायचा. गवंडी ते बघून मान डोलवायचा. "खण बाबा, खण," म्हणायचा.

मग एके दिवशी दुपारी खरखर सुरू झाली.

गवंडी जेवून आईच्या खोलीत जमिनीवर आडवा झाला होता. बाहेर रखरखीत ऊन, चिटपाखरू हलत नव्हतं. भिंतीच्या अगदी तळातून आवाज आला. खर्र. खर्र. मग बराच वेळ काही नाही, आणि परत खर्र.

तो ताडकन उठून बसला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. शेवटी शेवटी आईची वाचा गेली होती, आणि ती नखांनी भिंत खरवडून त्याला बोलवायची. कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची, कधी नुसता तो जवळ बसायला हवा असायचा. ती गेली तीही दुपारीच. बायको नळावर होती आणि हा गावाच्या टोकाला कुणाच्या तरी घराच्या स्लॅबवर. ओतलेला माल अर्धा टाकून खाली उतरता येत नाही. तो घरी आला तेव्हा आईचा हात भिंतीला टेकलेला होता, आणि नखांत चुना होता. किती वेळ ती बोलावत होती ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

"आलो गं आई," तो भिंतीला म्हणाला.

खर्र, असा आवाज आला.

तेव्हापासून तो रोज दुपारी घरी यायला लागला. माल कालवलेला असो, मजूर खोळंबलेले असोत, ऊन डोक्यावर आलं की हा थापी टाकून निघाला. भिंतीला पाठ लावून बसायचा आणि बोलायचा. जिवंतपणी आईशी चार शब्द बोलायला त्याला वेळ नव्हता, आता बोलणं सरत नव्हतं. "कोल्ह्याला आत येऊ देत नाही बघ," तो सांगायचा. "थोरली तेवढी गेली. तेवढं पोटात घाल." भिंतीशी पाण्याचा पेला भरून ठेवायचा.

बायकोनंही आवाज ऐकला होता. पहिल्यांदा तिची बोबडीच वळली. तिनं कोंबडीवालीला गाठलं.

"जीव अडकलाय तिचा," कोंबडीवाली डोळे मोठे करून म्हणाली. "मी नाही बाई आता तुझ्या परसात येत. जिवंत होती तेव्हा माझ्या कोंबड्यांवरून रोज भांडायची. आता काय करेल काय सांगावं!"

बायको घाबरली होती खरी, पण तिला कान होते आणि डोळेही होते. मध्ये दोन दिवस आभाळ भरून आलं. आवाज नाही. नवऱ्यानं ताटाला हात लावला नाही. "रागावली माझ्यावर," म्हणत भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि खरखर परत आली. बायको तशीच उठली, मागं गेली, कासवांना बाजूला सारून माती दूर केली आणि तापलेल्या कोब्याला कान लावला.

आत आली ती कपाळाचा घाम न पुसताच.

"अहो, आईंना ऊन कशाला लागतंय?"

"म्हणजे?"

"आभाळ आलं की आवाज बंद. कोबा तापला की सुरू. अंग तापल्याशिवाय हलत नाही असं कोण आहे, सांगा बघू." तिनं परसाकडं हात केला. "त्या बिचाऱ्याचं कवच इथंच टाकून गेला ना कोल्हा? मग थोरलीचं कवच काय गिळलं त्यानं? भिऊन मातीत शिरली असणार ती. आणि आपण वरून कोबा घातला."

आपण, असं ती म्हणाली. कोबा त्यानं एकट्यानं घातला होता.

गवंड्याला तो कोपरा आठवला. भिंतीलगत माती भुसभुशीत लागली होती. कोल्ह्यानं उकरली असेल म्हणून त्यानं वरवर दोन दगड टाकले होते आणि पुढं सरकला होता. बायको म्हणते ते खरं आहे, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

"उद्या बघू," तो म्हणाला.

"उद्या? अहो, जीव आहे तो!"

"उद्या म्हटलं ना!"

तिनं हातोडा उचलला. त्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि खाटेखाली सारला. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"फोडलंत तर आवाज थांबेल, म्हणून?"

त्यानं तोंड फिरवलं. भुताला ती जेवढी भ्याली नव्हती तेवढी त्या वेळी नवऱ्याला भ्याली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा तो भिंतीशी जाऊन बसला. अजून एकदा ऐकायचं आणि मग फोडायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदाच, अगदी बारीक, अर्धवट आवाज आला.

"आई?"

काही नाही.

आई बोलावत होती तेव्हा तो दूर होता, त्याचा इलाज नव्हता. आज तो हाताच्या अंतरावर होता, कुणीतरी कधीपासून बोलावत होतं, आणि तो मांडी घालून ऐकत बसला होता. तो उठला. हातोडा ओढला, छिन्नी घेतली आणि मागं धावला.

त्याच्या हातचा कोबा त्यालाच दाद देईना. ठिणग्या उडत होत्या, कपच्या तोंडावर येत होत्या, बोटं सोलवटली. तो स्वतःच्याच कामाला शिव्या घालत घाव घालत होता. आवाज ऐकून कोंबडीवाली भीतीबिती विसरून आली आणि फुटलेले तुकडे पदरानं ओढून बाजूला टाकायला लागली. खाली माती लागली तशी बायको पालथी पडून दोन्ही हातांनी उकरू लागली.

थोरली पायाच्या दगडाला चिकटून, एका अंगावर कलंडून अडकली होती. डोळे मातीनं मिटलेले. पुढच्या पायांची नखं झिजून पार बोथट झाली होती.

बायकोनं पसरट घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि तिला त्यात ठेवलं. तिघं घमेल्याभोवती उकिडवी बसली. पाण्यावर माती तरंगत राहिली.

"गेली वाटतं," कोंबडीवाली पुटपुटली.

"थांबा जरा."

नाकाशी पाण्यात एक बुडबुडा आला. मग मान हळूच बाहेर आली, पाण्यात वाकली आणि थोरली पाणी प्यायला लागली.

"मेले, किती घोर लावलास!" कोंबडीवाली रडत रडत तिच्यावरच ओरडली. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. गवंडी थोरलीच्या नखांकडं बघत होता. अंधार पडायच्या आत त्यानं खड्ड्यात माती भरली, वर जाळी अंथरून कडेनं धोंडे रचले आणि दाराच्या दोन्ही कड्या लावल्या. कोल्हा काही सुट्टीवर गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. थोरली आपल्या घरात कडेकडेनं फिरत होती आणि पाल्याला तोंड लावत होती. गवंडी रोजच्या वेळेला काम टाकून घरी आला आणि आईच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला. ऊन चढलं, पत्रा तडतडला, लांब कुठंतरी कोंबडा उगीचच आरवला. भिंतीतून कसलाच आवाज आला नाही. तो तरी बसून होता.

बायको दाराशी येऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडं वर पाहिलं.

"आई गेली गं," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

"हो," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.