पलीकडच्या खांबाशी

उनाची धाकटी लेक नन व्हायला मठात गेली आणि सात महिन्यांत तीच पेटी उचलून परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी मार्चमध्ये उनाचा थोरला भाऊ यूनन छातीच्या दुखण्याने वारला. आणि नोव्हेंबरात तिच्या मुलाला, फिंटनला, आमच्याकडच्या फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला पंच म्हणून बोलावणं आलं. मोठ्या काउंट्यांचं, म्हणजे जिल्ह्यांचं, सगळं उन्हाळ्यातच उरकतं. लवकर हरून घरी गेलेल्या लहान काउंट्यांसाठी हा चषक असतो. पण ज्यांच्या घरात आजोबांपासून एकही चषक आलेला नाही, त्यांना तो लहान वाटत नाही.

पंचाने आपले निशाणवाले आपणच आणायचे, अशी आमच्याकडची रीत. चार माणसं, दर गोलाला दोन, एकेका खांबाशी एकेक, अंगात पांढरा डगला. चेंडू आडव्या दांड्यावरून आणि दोन खांबांमधून गेला, तर गुण. मग पांढरं निशाण उचलायचं. ही माणसं बहुतेक घरातलीच असतात. फिंटनचे दोन मामा, मॅलकी आणि यूनन, चौदा वर्षं एकाच गोलाचे दोन खांब राखत होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. दलदलीतल्या मातीतून जळणाच्या विटा कापायची एक पट्टी होती, बारा पावलं रुंद. भांडण तिच्यावरून. दोघे बिनलग्नाचे, एकाच घरात राहायचे, एकाच किटलीतला चहा प्यायचे आणि सामन्याला जाताना गाडीत मागे, दुसऱ्या गोलाच्या निशाणवाल्या डिनी टूहीला मध्ये बसवायचे.

पण चेंडू खांबाच्या टोकावरून गेला आणि मॅलकीला शंका आली, की तो पलीकडे बघायचा. यूननने हनुवटी खाली केली तर गुण, डोळे मिटले तर बाहेर. अकरा वर्षांत भावाकडून त्याला मिळालेलं बोलणं ते एवढंच. त्यात एकदाही खोट निघाली नव्हती.

अंतिम सामन्याच्या दिवशी यूननच्या जागी, खिडकीशी, एक नवा माणूस बसला होता. वाटेत मॅलकी म्हणाला, "ती काच थोडी खाली करा रे. त्याला गुदमरतं."

"कुणाला गुदमरतं?" डिनीने विचारलं.

फिंटनने आरशातून मामाकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

यूननचा खांब आता डिनीकडे होता. सामना चिखलात रंगला. लाल आणि निळे शेवटच्या मिनिटाला बरोबरीत होते, सूर्य छपराच्या कडेला टेकला होता. लालांच्या एका पोराने लांबून लाथ मारली. चेंडू चढला तो थेट मॅलकीच्या खांबावर. मॅलकीने मान वर केली आणि डोळ्यांत नुसता उजेड भरला. चेंडू त्याला दिसलाच नाही.

त्याने पलीकडे पाहिलं.

यूनन उभा होता. डगल्याची बटणं नेहमीसारखी एक घर चुकवून लावलेली. त्याने मॅलकीकडे पाहिलं आणि हनुवटी एकदा खाली केली.

मॅलकीने निशाण उचललं.

निळ्यांचा गोलरक्षक लॉर्कन धावत आला. "काका, बाहेर होता! हातभर बाहेर होता!"

फिंटनही आला. "मामा, नक्की?"

"नक्की."

फिंटनने डिनीकडे बघितलंही नाही. चौदा वर्षांत मामाच्या शब्दावर दुसरा शब्द घ्यायची वेळ आली नव्हती. शिट्टी वाजली. लाल एका गुणाने जिंकले.

चहाच्या खोलीत डिनीने मॅलकीला कोपऱ्यात घेतलं. "अरे, मी तिकडून माशा बसलेल्या गाईसारखी मुंडी हलवत होतो. दिसलो नाही?"

"नाही."

"मग काय दिसलं तुला?"

मॅलकीने उत्तर द्यायच्या आत लॉर्कन समोर येऊन उभा राहिला. छत्तिशी उलटलेली, हातमोजे अजून हातातच. "भांडायला नाही आलो, काका. सोळा वर्षं खेळलो, आज संपलं. खरं काय ते कळलं की घरी जातो."

"मी चेंडू पाहिला नाही," मॅलकी म्हणाला. "माझ्या भावाने हनुवटी हलवली."

लॉर्कनने डिनीकडे पाहिलं. "हे तुमचे भाऊ?"

"नाही. तो मार्चमध्ये गेला."

डिनीने तोंड फिरवलं. लॉर्कनने हळूच विचारलं, "खोटं बोलायचे का ते?"

"बोलायचाच नाही. पण खांबाशी त्याने मला कधी फसवलं नाही."

"मग आतून गेला असेल," लॉर्कन म्हणाला आणि हातमोजे काढत बाहेर पडला.

त्या हिवाळ्यात मॅलकी ताठ चालायचा. यूननचा कप रोज विसळून टेबलावर ठेवायचा. शेवटी यूननने आपल्याशी समेट केला, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. चेंडू आतून गेला असेल तरच ते खरं होतं. म्हणून फिंटनने कितीदा विचारलं, तरी त्याने शब्द बदलला नाही.

जानेवारीत कुणीतरी प्रेक्षकांतून घेतलेली चित्रफीत फिंटनच्या हाती आली. उनाच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, उना, तो आणि मॅलकी, तिघांनी ती पाहिली. चेंडू हातभर बाहेर होता. मॅलकीने ती पुन्हा लावायला सांगितली, आणि या वेळी त्याने चेंडूकडे पाहिलंच नाही. पलीकडच्या खांबाशी डिनी होता, जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवणारा. दुसरं कुणीही नव्हतं.

"मामा, आता निकाल बदलत नाही," फिंटन म्हणाला. "जाऊ दे."

"कागद दे," मॅलकी म्हणाला.

त्याने लॉर्कनला पत्र लिहिलं, दोनच ओळींचं. चेंडू बाहेर होता. माझा भाऊ तिथे नव्हता.

पांढरा डगला त्याने पुन्हा अंगावर घातला नाही. घरी त्याने टेबलावर एकच कप ठेवायला सुरुवात केली.

यूनन १९ मार्च १९९६ला वारला. मॅलकी ९ फेब्रुवारी १९९९ला, मंगळवारी सकाळी, त्याच घरात गेला.