नववी लेव्हल

शहाण्णव साली मीनाने आठवी लेव्हल जिंकली आणि गेम पुन्हा पहिलीपासून सुरू झाला. म्हणजे गेम संपला, असं तिने जाहीर केलं आणि दर भाऊबीजेला धाकट्या आदिनाथकडून ते कबूल करून घेऊ लागली.

यंदा आदिनाथने त्या व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट अंबडच्या बदरोद्दीन मेकॅनिककडे उघडायला नेली. मीनाही गेली, पुरावा एकट्याच्या हाती कशाला द्यायचा?

"चिपमधी दोन हिस्से हायेत, ताई," बदरोद्दीन म्हणाले. "वरच्या हिश्श्याचा पत्ता नेणाऱ्या पिनेचा टाका निघालाय. नुसतं पिंपळगाव लिहिलं की कुंभार पिंपळगावचं पत्र पिंपळगाव रेणुकाईला जातं ना, तसं. मशीन नववी मागून राह्यली, चिप पहिलीच देऊन राह्यली."

"मंग ताई, तू अर्धाच गेम जिंकल्ती," आदिनाथ म्हणाला. तीस वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर एवढं तेज आलं नव्हतं.

टाका बसला. दुकानातल्या टीव्हीवर मीनानेच खेळून नववी गाठली, कारण आदिनाथ तिसरीतच अडकायचा. नववीत ती चार सेकंदांत मेली. आदिनाथ बाह्या सरसावून बसला आणि दोन सेकंदांत मेला.

"मी दुप्पट टिकले," मीना म्हणाली. "बदरभाई साक्षीला आहेत."

बदरभाईंना ऐकू आलं नाही. उरलेला एक जीव घेऊन ते दहावीत शिरले होते.