गिळलेलं वाक्य

“गिळ! शेवटचं वाक्य गिळून टाक, डीलिया!”

मॅलकीचा आवाज वखारीच्या मागच्या अंधारातून यायचा. आधी खोकला, मग आवाज, आणि सगळ्यांत शेवटी मॅलकी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलमलेटच्या धक्क्यावरची कोळशाची वखार त्याने भाड्याने घेतली, तिला चुना फासला आणि तिचं नाटकघर केलं. चुन्याचे हातावर हात दिले, पण भिंतीतून काळी धूळ पाझरायची ती पाझरायचीच. तालीम सुटली की सगळ्या मंडळींची नाकं आतून काळी. डीलिया तेव्हा मासळीच्या कारखान्यातून सुटून थेट तिथे यायची. तिच्या अंगाला बांगड्याचा वास, इतरांच्या अंगाला मेंढरांचा, आणि मध्ये शेगडीवर रटरटणारा चहा. वखार मंडळी म्हणत त्यांना. करायची तर नवी नाटकं, नाहीतर नाही, असा मॅलकीचा बाणा. लिहून झालेलं नाटक आधी गावाला वाचून दाखवायचं. गाव सोड्याचा पाव खात ऐकायचं आणि तोंडावर सांगायचं, “दुसऱ्या अंकात डुलकी लागली बाबा.” मॅलकी मान हलवायचा, घरी जायचा आणि दुसरा अंक नव्याने लिहायचा.

पण शेवटचं वाक्य कुणी ऐकायचं नाही. वाचनाला नाही, तालमीलाही नाही. “रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक पुरं केलं तर लोकांना काय उरलं?” मॅलकी म्हणायचा. “ते वाक्य त्यांचं आहे. पहिल्या खेळाला त्यांच्या हातात द्यायचं.” मग त्या जागी ज्याला जे सुचेल ते तो बोलायचा. डीलियाचं ठरलेलं, “आणि बटाटे करपले.” एकदा मरणाच्या प्रवेशात ती “बांगडे महागले हो” म्हणाली, तर खाटेवरचं प्रेत फिसकन हसलं.

त्या आठवणीने डीलियाला आत्ताही हसू आलं. मांडीवर पोस्टरांची गुंडाळी घेऊन ती गाडीत बसली होती. गाडी सॉर्का चालवत होती. सॉर्का म्हणजे पोस्टातल्या नोरीनची मुलगी, गॉलवेला शिकून परतलेली. उद्या संध्याकाळी वखारीत तिने लिहिलेलं पहिलंवहिलं नाटक. लोकरीचं दुकान कायमचं बंद करणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट, आणि ती म्हातारी म्हणजे डीलिया.

चौकातल्या पॅकी खाटकाच्या दुकानात दोघी शिरल्या.

“नवं नाटक? पुन्हा?” पॅकीने सुरा फडक्याला पुसला. “मेलेल्या माणसाचं करा की एखादं. ती बरी असतात.”

“तू मर, तुझ्यावर करू,” डीलिया म्हणाली.

“मी आहे का यात?”

“तू असतास तर तिकीट वाढवलं नसतं होय?”

“मागच्या नाटकातल्या त्या चिक्कू दुकानदाराचं नाक माझं होतं म्हणते आमची बायको.”

“नाक नटाचं होतं रे पॅकी. चिक्कूपणा तेवढा तुझा.”

दुकानातल्या बाया खिदळल्या. पॅकीही हसला. सॉसेजची पाटी काढून त्या जागी त्याने आपल्या हाताने पोस्टर चिकटवलं. मग जरा लांब होऊन ते बघत म्हणाला, “शेवट गोड आहे ना गं पोरी?”

सॉर्का दाराबाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवलीच नाही.

“डीलिया, शेवट मलाच ठाऊक नाही,” ती म्हणाली. “ते वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सकाळी खरं वाटतं, अंथरुणात पडलं की खोटं वाटतं. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला कळायचं नाही. आज एकदा म्हणा.”

“उद्या ऐक. लोकांबरोबर.”

“उद्या ऐकून काय करू? लोक उठून घरी जातील तेव्हा मी वाक्य बदलू? जुन्या नाटकाला परवडते ही रीत, ते शंभरदा बोलून झालेलं असतं. नव्याला नाही परवडत. आज नाही ऐकलं तर ते वाक्य मी काढूनच टाकणार. नुसता दिवा मालवायचा.”

“काढू नकोस.”

“मग म्हणा.”

“मॅलकीची रीत आहे, बाळा. मी कधी मोडली नाही. त्याच्यासाठीसुद्धा नाही मोडली.”

बोलून गेली आणि डीलिया काचेबाहेर बघत राहिली.

कॅसलबारच्या इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर, मॅलकी उशीपेक्षा हलका झाला होता. त्याच्या शेवटच्या नाटकाच्या तालमी तेव्हा चालू होत्या. इनिश्की बेटावरचं शेवटचं घर उठतं, माणसं होडीत बसतात आणि घरची बाई तेवढी दारात रेंगाळते, असं ते नाटक. बाईचं शेवटचं वाक्य त्याने डीलियाच्या एकटीच्या कानात सांगितलं होतं. आणि त्या दिवशी तोच म्हणाला, “एकदा म्हण की. कसं लागतं ते ऐकू दे.”

“तालमीत म्हणायचं नाही.”

“इथे कुठली आलीय तालीम? ती नर्स आहे फक्त, आणि ती पार दक्षिणेतल्या कॉर्कची. तिला आपलं बोलणं कळत नाही.”

“पहिल्या खेळाला ये. पुढच्या रांगेत बस, मग म्हणते.”

“हट्टी बाई.”

“तुझीच शिकवण.”

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, आणि तिने त्याची पाठ चोळली. अर्ध्या गोष्टीतून कुणी उठून जात नाही, एवढाच तिचा भाबडा हिशेब. वाक्य राहिलं तर ऐकणारा राहील. ओठ मिटून ती त्याला धरून बसली होती. पण कुंपणावरची फ्यूशिया फुलायच्या आतच मॅलकी उठून गेला. त्याच्यामागे ते नाटक कुणी करायला धजलं नाही. मंडळींनी दुसऱ्यांची नवी नाटकं केली, डीलियाने त्यांची शेवटची वाक्यं लोकांच्या हातात दिली. मॅलकीचं वाक्य मात्र तिच्याजवळच राहिलं. भांडी घासतानासुद्धा तिने ते कधी ओठांवर येऊ दिलं नाही.

“डीलिया, रडताय का?”

“वारा आहे.”

“काच बंद आहे.”

“गप गं. गाडी वखारीकडे घे.”

वखारीत दुपारच्या उजेडाचे पट्टे पत्र्याच्या फटीतून खाली आले होते. रंगमंचावर दुकानाचं लाकडी फळकूट, त्यावर निळ्या करड्या लोकरीच्या लडी. सॉर्का पहिल्या रांगेत बसायला गेली.

“तिथे नको,” डीलिया म्हणाली. “मागे जा. पार मागे. लिहिणाऱ्याने तिथूनच ऐकायचं.”

सॉर्का अंधारात गेली. डीलियाने शेवटचं पान सुरू केलं. लडी एकेक करून मांडणीवर ठेवल्या. न आलेल्या गिऱ्हाइकाला रागावली, मेलेल्या नवऱ्याची टिंगल केली, फळकुटावरून हात फिरवला. मग ती जागा आली. सवयीने करपलेले बटाटे जिभेवर आले. ते तिने गिळले. छाती भरून श्वास घेतला आणि समोरच्या काळोखाला सांगितलं,

“दार नुसतं लोटलंय रे. कडी नाही लावली.”

बाहेर धक्क्यावर कुणाची तरी होडी दगडाला घासत होती.

“डीलिया,” सॉर्का मागून हळूच म्हणाली, “हे माझं वाक्य नाही.”

“ठाऊक आहे मला, पोरी. हे मॅलकीचं. तुझ्या आधीपासून उभं होतं ना, म्हणून आधी बाहेर पडलं.” डीलियाने फळकुटाचा आधार घेतला. “त्याने मागितलं होतं गं. मी दिलं नाही. मला वाटलं, दिलं तर तो जाईल.”

सॉर्का पुढे यायला निघाली.

“तिथेच थांब,” डीलिया म्हणाली. “आता तुझं म्हणते.”