मोरीत गेलेलं दूध

मी एक जुना, ठेंगणा फ्रीज आहे मित्रांनो, पाळणाघरातला. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. इथे बारा वर्षं पोरांची औषधं आणि फळं सांभाळली, कौतुक झालं. मग दाराचं रबर सैल झालं आणि जे बिघडेल ते माझ्या नावावर खपू लागलं.

शिवणकाम करणारी एक आई रोज सकाळी माझ्यात दोन बाटल्या ठेवायची. अंगावरचं दूध, पहाटे उठून काढलेलं, तारखेची चिठ्ठी लावून. संध्याकाळी बाटल्या रिकाम्या मिळायच्या. पण बाळाच्या तोंडाला पावडरीच्या दुधाचा वास! छातीशी घेतलं की ते तोंड फिरवायचं. तिचं दूध आटत चाललं होतं.

"मावशी, खरं सांगा, माझं दूध जातं कुठं?"

"लेकराच्या पोटात! मी काय चहात घालते होय?"

सांभाळणारी मावशी खोटं बोलत होती. रोज ती बाटली उजेडात धरायची. वर पिवळट थर, खाली निळसर पाणी. "फाटलं गं बाई आजही!" म्हणत मोरीत ओतायची, डब्यातली पावडर कालवायची आणि मला लाथ घालायची, "मेल्याला गार करता येत नाही." आईला वाईट वाटेल म्हणून तिला हे सांगायची नाही. मी नुसता गुरगुरायचो.

एका दुपारी आई जेवणाच्या सुट्टीत न सांगता आली. मावशी मोरीशी, बाटली तिरपी.

"थांबा!"

"फाटलंय ताई. रोजच फाटतं. हा डबडा फ्रीज..."

आईने बाटली हिसकावली, वास घेतला, हलकेच गोल फिरवली. दोन्ही थर एक झाले.

"फाटलेलं नाही मावशी. साय वर येते याची."

मावशीने मोरीकडे बघितलं. "महिनाभर ओतलं मी."

"विचारायचं तरी!"

"तुम्ही सांगायचं तरी!"

दोघींचं बरोबर होतं, आणि दोघींपेक्षा जास्त चूक पाळणाघर चालवणाऱ्या बाईंची. त्यांनी पावडरीचं माप शिकवलं, भिंतीवर चिकटवलं. आईचं दूध कसं दिसतं हे सांगायला कुणाची जीभ उचलली नाही.

मावशी पुढे आली. स्वतःची खुर्ची माझ्याशेजारी ओढून म्हणाली, "सुट्टी आहे ना अजून? बसा, पाजा. रोज या. लेकरू आधी तोंड फिरवेल, मग वळेल."

आठवड्याभराने बाळ आईच्या छातीकडे वळलं.

मित्रांनो, आईचं दूध ओतण्याआधी विचारा. आणि माझं रबर बदला. मावशी आता बाटली फिरवूनच देते, पण आधी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघते. अजून!