नऊ माणसांची लाइन

आर्लीनच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती, हे मांसाच्या कारखान्यातल्या चार नंबरच्या लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि ऑफिसात कुणालाच नव्हतं. सव्वीस वर्षं मारलेल्या टर्की पक्ष्यांचे पंख सुरीने खांद्यातून सोडवून सोडवून हात कामातून गेला होता. पूर्ण पेन्शनला आता चौदाच महिने उरले होते. त्याआधी बोभाटा झाला असता, तर कंपनीच्या डॉक्टरने ‘वयोमानामुळे’ असं लिहून तिला नारळ दिला असता. मिनेसोटातल्या त्या गावात ही गोष्ट कुणाला नवीन नव्हती.

म्हणून लाइनप्रमुख लोर्ना हुडाकने गुपचूप एक सोय लावली होती. आर्लीनच्या शेजारी तिने पाओ शियाँगला उभं केलं. पोरगा हाताचा विजेसारखा. आपला काप घेता घेता तो आर्लीनचाही पंख सोडवायचा आणि पुढचे आठजण त्याच्या कामातलं थोडं थोडं उचलायचे. आर्लीन सुरी धरून उभी राहायची आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या पक्ष्याला हात लावल्यासारखं करायची.

“आजी, आज फार दमलात हो,” पाओ चिडवायचा.

“गप रे. फुकट शिकवतेय तुला, उपकार मान.”

दोन वर्षं हे असं चालत आलं होतं. मग मार्चमध्ये मुख्य कचेरीतून ब्रेना केसलर आली. कोणत्या कामाला किती माणसं लागतात, कुणाचा वेळ कुठे वाया जातो, हे बघून माणसांचा पुरेपूर उपयोग करून घेणं हा तिचा धंदा. बोलायला गोड, सगळ्यांची नावं पहिल्याच दिवशी पाठ. खडूस असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

लोर्नाने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं. “तीन दिवस घड्याळ लावणार आहे ती. माल कमी पडला, तर एकेकाचे हात बघत बसेल. तेव्हा कमी पडू द्यायचा नाही. उलट जास्तच काढायचा.”

“माझा मामा अशाच कारखान्यात होता,” पाओ म्हणाला. “घड्याळवाला आला की सगळे मुद्दाम रेंगाळायचे.”

“आपण रेंगाळलो तर ती थेट आर्लीनपाशी येऊन उभी राहील, बाबा. ऐक माझं.”

सगळ्यांनी ऐकलं. तीन दिवस चार नंबरची लाइन अशी पळाली की शेजारच्या लाइनीवरचे लोक माना वळवून बघत होते. लोर्नाला, खरं सांगायचं तर, अभिमानही वाटला.

शुक्रवारी ब्रेनाने तिला ऑफिसात बोलावलं. “लोर्ना, तुमच्या लाइनवर दहाव्या माणसाची गरजच नाहीये. तुम्हालाही कल्पना असेल.”

लोर्ना खुर्चीवरून अर्धी उठली.

“घाबरू नका, नाव नाही विचारत मी. मी माणसं मोजत नाही, जागा मोजते. सोमवारपासून साही लाइनी नऊ माणसांवर चालवायच्या. वेग तुमचाच धरलाय, शाबासकी म्हणून.”

नाव नाही! सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटून लोर्ना जिना उतरली, आणि खाली आल्यावर तिला युनियनच्या करारातलं कलम आठवलं. जागा कमी झाल्या की शेवटी आलेला आधी जातो. चार नंबरवर शेवटी आलेला पाओ होता. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं.

पाओ कपाट रिकामं करत होता. लोर्ना शेजारी जाऊन उभी राहिली.

“मामा बरोबर होता,” एवढंच बोलून त्याने बूट पिशवीत घातले.

सोमवारी आर्लीनच्या शेजारची जागा रिकामी. आर्लीनने सुरी तळहातात दाबून धरली आणि पहिल्या पक्ष्याला घातली. पंख अर्धा सुटला, अर्धा लोंबत पुढे गेला. दुसरा तसाच. पुढच्यांनी दोन दिवस सावरून बघितलं, पण वेग त्यांनीच वाढवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्यातली एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, “आमचंच आम्हाला पुरत नाही गं, लोर्ना.” लाइनप्रमुखाला सुरी धरायची परवानगी नव्हती. माल बिघडवणाऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहायची मात्र सक्ती होती. तीन चिठ्ठ्या झाल्या की माणूस घरी.

बुधवारी एक लिहिली, गुरुवारी दुसरी. शुक्रवारी पाळी संपल्यावर लोर्ना कोरा कागद घेऊन बाकावर बसून राहिली. आर्लीन येऊन शेजारी टेकली. तिची बोटं सुजून लाल झाली होती.

“लिही ना.”

“नाही लिहिणार. काय करायचं ते करू दे त्यांना.”

“तुला काढतील. मग तुझ्या जागी दुसरा कुणी येईल आणि तोच माझं नाव लिहील. परक्याने लिहिण्यापेक्षा तूच लिहिलेलं बरं.”

“आर्लीन, मी तुझ्यासाठीच...”

“माहितीये गं. रडू नकोस, शाई फुटेल.”

लोर्नाने नाव लिहिलं. तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं, तशी आर्लीन वाकून बघत म्हणाली, “हात चालत नाही, असं लिही. खरंच आहे ते.” लोर्नाने ते लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. आर्लीनला सही करायला पेन धरता येईना, म्हणून लोर्नाने तिची बोटं आपल्या मुठीत धरली आणि दोघींनी मिळून सही केली.