न फोडता उचललेला कोबा

पुराचं पाणी ओसरून महिना झाला, तरी कसबा बावड्यातल्या घरांतनं चिखलाचा वास जात नव्हता. २००५ च्या त्या पुरानंतर सोमशेखर कंत्राटदाराला मान वर करायला फुरसत नव्हती. रोज सकाळी शिवाजी पेठेतनं तो आणि धाकटा भाऊ राजशेखर माणसं घेऊन यायचे. खचलेला कोबा फोडायचा, राडारोडा भरून न्यायचा, नवा कोबा घालायचा. दोघांची हयात ह्याच कामात गेली होती.

बायडाबाईच्या अंगणातलं काम त्याला तसलंच वाटलं. कोब्याखालची माती पुरानं ओढून नेली होती आणि नळाकडची बाजू चार बोटं खाली बसली होती.

"फोडून टाकू आणि नवा करू," सोमशेखर म्हणाला.

"फोडायचं न्हाय," बायडाबाई म्हणाली. "ह्यास्नी दिसत न्हाय."

उंबऱ्यावर तिचे मालक गणपतराव बसले होते. साखरेच्या दुखण्यात त्यांची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. अंगण त्यांच्या अनवाणी पायांना पाठ होतं. दोरी मारून पाडलेल्या रेघा कुठं, खरबरीत कुठं, नळाकडं वळायचं कुठं, सगळं तळव्यांना ठाऊक. ते उठले, सरळ चालत गेले आणि खचलेल्या कडेवर अडखळले. सोमशेखरनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"जमीन खोटं बोलाय लागलीया माझ्यासंगं," ते हसत म्हणाले. "पण नवी घातलीसा तर वळखीचीच ऱ्हाणार न्हाय."

घरी जातानाही सोमशेखरच्या हाताला तो दंड जाणवत राहिला. आजवर त्यानं किती अंगणं फोडली, पण त्यावर कोण कसं चालतं हे कधी पाहिलं नव्हतं. मग त्याला आठवलं, एका कारखान्यात यंत्राचा खचलेला पाया न फोडता उचलताना त्यानं पाहिलं होतं. वरनं भोकं पाडून खाली सिमेंटचं कालवण दाबत होते.

राजशेखरला ते पटलं नाही. "अण्णा, फोडण्यातच आपला धंदा हाय की! जमलं न्हाई तर दुनिया हसंल."

"हसू दे. करून तर बघू."

त्यानं हातपंप भाड्यानं आणला. कोब्याला भोकं पाडली आणि बारीक माती, सिमेंट नि पाण्याचं पातळ कालवण खाली दाबायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच हललं नाही. राजशेखर बाजूला बसून बघत होता. मग पातळीसाठी कडेला ताणलेली दोरी आणि कोबा यांतलं अंतर कमी व्हायला लागलं. कोबा केसाकेसानं वर येत होता. सोमशेखरला हुरूप आला, त्यानं पंपाचा दांडा जोरात मारला आणि कट्‌कन आवाज झाला. नळाजवळ कोब्याला तिरकी चीर गेली.

त्यानं दांडा सोडून दिला. राजशेखरनं मात्र टोमणा मारला नाही. पुढं येऊन त्यानं दांडा स्वतःच्या हातात घेतला. "सावकाश मारायचं, अण्णा," एवढंच म्हणाला. दिवस कलताना कोबा पातळीला आला. भोकं बुजवली.

दुसऱ्या दिवशी गणपतराव अंगणात उतरले. बायडाबाईनं हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. एकेक रेघ ओळखत ते नळापाशी गेले आणि थांबले. अंगठ्यानं चीर चाचपली.

"ही नवी हाय."

"माझ्या हातनं झाली, काका," सोमशेखर म्हणाला. "घाई नडली. बुजवून देतो."

गणपतरावांनी पुन्हा एकदा पाय फिरवला. "वरनं बुजवा. पण घासून गुळगुळीत करू नगा. नळ जवळ आला, हे त्या चिरेवरनं कळतंय मला."

त्या वर्षी दिवाळीनंतर दोघा भावांच्या फलकावर एक नवी ओळ आली : खचलेला कोबा न फोडता उचलून मिळेल. कामं थोडी यायची. काही कोबे उचलण्याच्या पलीकडचे असायचे, ते फोडावेच लागायचे. पण पहार उचलण्याआधी सोमशेखर आता घरच्या माणसांना अंगणातनं चालायला सांगायचा आणि स्वतः कडेला उभा राहून त्यांच्या पायांकडं बघत राहायचा.