जुन्या पोथीत नसलेली बाई

व्हिक्टोरिया राणी गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. देवरीकडच्या एका मिशनवस्तीत जमुनाबाईची लेक शामकला पोटुशी राहिली. लग्न झालेलं नव्हतं आणि बाप कोण ते ती सांगेना. तिला बाहेर काढायचं म्हणून वस्तीच्या पंचांनी बैठक बोलावली. माणसानं देव बदलला तरी पंच काही बदलत नाहीत!

जमुनाबाई मात्र फारशी घाबरली नाही. तीही तरुणपणी अशीच गावानं हाकललेली विधवा, शामकला पोटात. तेव्हा पाद्रीसाहेबानं तिला बायबलातली एक गोष्ट सांगितली होती. परपुरुषाबरोबर सापडलेल्या बाईला लोक दगडांनी मारायला निघाले. येशूनं एवढंच म्हटलं, की ज्यानं कधी पाप केलं नाही त्यानं आधी दगड उचलावा. एकेक करून सगळे निघून गेले. त्या गोष्टीच्या आधारानंच जमुनाबाई आजवर जगली होती. बैठकीत तीच वाचा, असं तिनं साहेबाला हात जोडून विनवलं.

साहेब भला माणूस, पण त्याला खरं बोलायची खोड. विलायतेहून आलेलं नवं इंग्रजी बायबल उघडून त्यानं गोष्ट मराठीत सांगितली. तिथंच थांबावं की नाही? पण नाही!

"इथं लिहिलं आहे," तो म्हणाला, "कातड्यावर हातानं लिहिलेल्या सगळ्यांत जुन्या पोथ्यांत ही गोष्ट नाही. मागाहून कोणी घातली असावी."

पंचांचा सुंठीवाचून खोकला गेला. पंच उदाराम लगेच बोलला, "मंग कायले वाचता, साहेब? जे असल पोथीतच नाही, ते आमी काऊन मानाचं?"

तेवढ्यानं गोष्ट काही खोटी ठरत नाही, असं साहेब घाईघाईनं समजावू लागला. ऐकतो कोण? शामकलानं सांजेच्या आत वस्ती सोडावी, असं ठरलं.

जमुनाबाईला रडूही येईना. बिचारीचा जीव भलतीकडेच अडकला होता. ती साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"येशू तिथं नव्हताच, त मंग त्या बाईचं का झालं जी?"

साहेब पुस्तकाची पानं उलटू लागला.

"मारलं का तिले लोकायनं?"

जमुनाबाईनं घरी जाऊन दोघींचं गाठोडं बांधलं. वस्तीतून निघताना तिनं लेकीला पुढे चालायला लावलं, मागून कोणी दगड भिरकावलाच तर तो आपल्या पाठीत बसावा म्हणून.